टर्नटेबलावरची खंडेनवमी

मी एका माणसावर तलवार चालवली आहे. बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाही. खरी तलवार, लोखंडाची, पितळी मुठीची. घाव त्याच्या कोपराखाली बसला आणि जो आवाज झाला तो मला अजून येतो. कुकरच्या शिट्ट्या चालू असल्या तरी येतो. नातेवाईक विचारतात, अगं, बडोद्यात कारेलीबागेत गणिताचे क्लास घेणारी पिकल्या केसांची बाई तू, तुझा हात तरी कसा उठला? उठला. समोर सख्खा भाऊ पडलेला असेल आणि त्याच्या डोक्यावर कुणी धारेचं लोखंड उगारलं असेल तर तुमचाही उठेल. नाही उठला तर मला तोंड दाखवू नका.

आता नीट पहिल्यापासून सांगते.

माझा दादा देवाला जात नाही, यंत्राला जातो. कोयलीला रिफायनरीत त्याने जन्म काढला. दाब किती, तापमान किती हे सांगणारी मापकं दुरुस्त करायची, हे त्याचं काम. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, नाहीतर नातवंडं सांभाळायला अमेरिकेला. हा निघाला खंभातकडे, गुजरातेत पहिल्यांदा तेल लागलं ती विहीर बघायला. काय होतं बघायला? एक जाडजूड पाइप, एक कुंपण आणि पलीकडे चरणाऱ्या म्हशी. दादा त्या पाइपासमोर असा उभा, की आता डोळ्यांतून पाणी काढतो की काय! मग लोथलला गेलो, हजारो वर्षांपूर्वीची गोदी बघायला. मग आजव्याला, कारण पंप नव्हते तेव्हा त्या तलावातून निव्वळ उताराच्या जोरावर बडोद्यात पाणी आणलं होतं. गाडी मी चालवायची. दादा चालवायला बसला की रस्ता सोडून विजेचे मनोरे बघतो. मागच्या सीटवर वहिनी, मांडीवर पुरीभाजीचा डबा घेऊन. वहिनी जुन्या बडोद्यातल्या घडियाळी पोळातली, बोलायला अशी काही कमी नाही. "लग्न झालं तेव्हा वाटलं होतं हे मला महाबळेश्वर दाखवतील," ती म्हणायची, "यांनी बॉयलर दाखवले."

आमचे पूर्वज इथल्या संस्थानच्या फौजेत शिपाई होते. संस्थान गेलं, फौज गेली, घरात राहिली एक तलवार आणि राग. दादाच्या वाट्याचा रागही मलाच आला असावा. त्याला कुणाला साधं "ए" म्हणता येत नाही, आणि मी रिक्षावाल्याची कॉलर धरलेली आहे.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्यात शस्त्रं पुजतात. गोधडीत गुंडाळून कपाटावर ठेवलेली तलवार खाली काढायची, तेलाच्या फडक्याने पुसायची, गंध, झेंडूची माळ, आणि मग कोहळा. बळी म्हणून कोहळ्याला कुंकू माखायचं आणि तलवारीने एका घावात दोन तुकडे करायचे. कोहळा घरातल्या पुरुषाने कापायचा. बायकांनी हळदकुंकू वाहायचं, तलवारीला हात लावायचा नाही. बाबा होते तोवर बाबा कापायचे, मग दादा.

रिटायर झाल्यावर दादाच्या डोक्यात आलं की शस्त्र एकटं पुजणं बरोबर नाही. "आजोबांच्या आजोबांचं हत्यार तलवार," तो म्हणाला, "आणि माझं हत्यार पाना. दोन्ही एका ठिकाणी पुजायची, आणि जिथे मोठं काम झालं अशा जागी जाऊन पुजायची." झालं! तेव्हापासून दर खंडेनवमीला तलवार, पाना, कोहळा आणि आम्ही तिघं गाडीत. आजव्याला तिथल्या राखणदाराला मौज वाटली, त्याने प्रसादाचा पेढा मागून घेतला. लोथलला दारावरच्या माणसाने गोधडीतून डोकावणारी मूठ बघून हातच जोडले. "काका, आ लईने अंदर नहि." मग बाहेर, आमच्याच गाडीच्या बॉनेटवर कोहळा कापला आणि आत जाऊन नुसता नमस्कार करून आलो. वहिनी लाजेने अर्धी झाली होती. मला मात्र मजा यायची, खोटं कशाला बोलू?

यंदा दादाने नॅरोगेज काढलं. डभोईहून चारी दिशांना जाणारे ते अरुंद रूळ आमच्या संस्थानने टाकले होते. सुरुवातीला त्यांवरचे डबे बैल ओढायचे, इंजिनं नंतर आली. आता बरेचसे रूळ उखडून रुंद टाकलेत, आणि एका बंद पडलेल्या स्टेशनात जुनं टर्नटेबल उरलं होतं. टर्नटेबल म्हणजे गोल खड्ड्यातला फिरता लोखंडी पूल. इंजिन त्यावर उभं करायचं, पूल फिरवायचा, इंजिनाचं तोंड उलट दिशेला. दादाचं सगळं प्रेम एका गोष्टीवर होतं: तोल बरोबर साधला असेल तर आख्खं इंजिन एकदोन माणसं नुसत्या हातांनी ढकलून फिरवत. ते लोखंड भंगारात जाणार असं त्याला कळलं होतं, आणि जायच्या आधी एकदा ते फिरलेलं त्याला बघायचं होतं.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथे चांगली माणसंही राहतात असं दादा म्हणतो. मला भेटली नाहीत.

दादा त्याआधी एकटाच बसने जाऊन आला होता. कोयत्याने खड्ड्यातला बावळ, म्हणजे बाभूळ, तोडला, माती उपसली, मधल्या खुंटाच्या सांध्यांत रॉकेल ओतून आला. संध्याकाळी काट्यांनी ओरबाडलेले हात घेऊन घरी आला तेव्हा चेहरा नुसता फुललेला. "बेअरिंग शाबूत आहे गं," म्हणाला. म्हणजे बघा, त्या गावाने काय पाहिलं होतं? एक परका म्हातारा येतो, ओसाड जागी कोयता घेऊन खड्डा साफ करतो आणि निघून जातो. आम्हाला हे सुचलंच नाही. तिघांपैकी एकालाही नाही.

आणि त्याच आठवड्यात फोनवर ते व्हिडिओ फिरत होते, पोरं उचलणारी टोळी आली आहे म्हणून. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. निघताना वहिनी म्हणाली, "वन्सं, हे बघितलंत? तलवार राहू दे ना या वेळी." मी म्हटलं, "डिलीट करा तो कचरा," आणि गाडी चालू केली.

पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. स्टेशनाचं छप्पर गेलेलं, फलाटावर शेण्या वाळत घातलेल्या. पलीकडे कपाशी, आणि हाकेच्या अंतरावर चहाची टपरी, तिथे दहाबारा माणसं बसलेली. आम्ही "जय माताजी" केलं. त्यांनी केलं नाही. मला तेव्हाच खटकलं, पण दादा पोराच्या उत्साहाने पुढे पळत सुटलेला, त्याच्यामागे कोहळा घेऊन मी.

पूजा साग्रसंगीत झाली. टर्नटेबलाच्या कडेला लाल कापड अंथरलं, त्यावर तलवार, शेजारी पाना, ग्रीसचा डबा. माळा घातल्या. लिंबू चिरलं. दादाने कोहळ्याला कुंकू फासलं, इतकं की ओलं कुंकू कोपरापर्यंत ओघळलं, आणि एका घावात कोहळा उतरवला. मग तलवार पुसून कापडावर ठेवली आणि वळला त्याच्या लाडक्या पुलाकडे. खांदा लावला. काही नाही. रॉकेल टाकलं, पहार घातली, परत खांदा लावला. मी म्हटलं, "दादा, हर्निया होईल." आणि तेवढ्यात ते कुरकुरलं. आधी बोटभर सरकलं, मग हातभर, आणि मग ते सगळं धूड कसं सहज निघालं! दादा त्याच्याबरोबर चालायला लागला, हसतोय, डोळ्यांतून पाणी. आयुष्यात मी त्याला इतकं खूश पाहिलेलं नाही. त्याच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. वहिनी म्हणाली, "चला, एक काम झालं, आता जेवूया," आणि आम्ही दोघी डबा आणायला गाडीकडे गेलो. गाडी रस्त्यावर, स्टेशनाच्या मागच्या बाजूला होती.

त्यानंतरचं सगळं आमच्या पाठीमागे सुरू झालं.

शेताच्या बाजूने एक चिमुरडी आली, चारपाच वर्षांची, परकरातली. तिने विचारलं, हे काय आहे? आणि दादाला कुणी "हे काय आहे" विचारलं की संपलं. त्याने तिला उचललं, पुलाच्या मधोमध बसवलं, घट्ट धर म्हणाला आणि फिरवलं. ती किंचाळली. आनंदाने किंचाळली हो! जत्रेतल्या पाळण्यात पोरं किंचाळतात तशी. पण कपाशीत तिची आई होती. तिने मान वर केली तर काय दिसलं? परका माणूस, हात कोपरापर्यंत लाल, शेजारी तलवार, काहीतरी पांढरं गोल चिरलेलं आणि रक्ताळलेलं, आणि आपली पोर खड्ड्यावर किंचाळतेय.

तिच्या ओरडण्याने मी वळले. आयुष्यात तसा आवाज मी ऐकलेला नाही. "मारी छोडी! मारी छोडीने मारी नाखी!" माझ्या पोरीला मारून टाकलं! टपरीवरची माणसं उठली. सगळी एकदम, ठरवून ठेवल्यासारखी. मला अजूनही वाटतं, ती वाटच बघत होती.

मी पळत सुटले. पन्नाशी उलटलेली बाई, साडी, शेण्या, खडी. मी पोचेपर्यंत पहिलं फावडं बसलं होतं, दांड्याच्या बाजूने, गुडघ्यावर. दादा खाली बसला, पडला नाही. हात जोडून उत्तम गुजरातीत बोलत होता. "भाई, मारी वात सांभळो. आ टर्नटेबल छे. जुओ, वच्चे खीलो छे, एना पर तोल..." मार खात खात तो त्यांना मधला खुंट आणि तोल समजावत होता! कुणीतरी त्याच्या तोंडावर लाथ घातली. दात फुटल्याचा आवाज मी ऐकला. पिवळ्या टी-शर्टातल्या एका तगड्या माणसाने कोहळ्याची फोड उचलून सगळ्यांना दाखवली. "जुओ! बलि चडावता हता!" तोवर गावही धावत आलं होतं. आणि मग काठ्या, चपला, दगड, बेल्ट, ज्याच्या हाताला जे लागेल ते. एकजण काही मारत नव्हता, नुसता मोबाइल धरून उभा होता आणि ओरडत होता, मोढुं बताव, मोढुं बताव. मग दोघांनी दादाचे केस धरून त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे वर केलं, आणि तिसऱ्याने त्यावर वीट मारली.

तेव्हा दादा मराठीत ओरडला. "आई गं! मेलो! अगं कुणीतरी सोडवा!" जन्मभर तो घराबाहेर गुजराती बोलला, गरब्याला ढोल वाजवला, पण हाडं मोडतात तेव्हा तोंडात येते ती आईचीच भाषा. आणि ते ऐकून गर्दीला नवीनच जोर चढला. "बहारना छे! बहारना छे, मारो!" बाहेरचे! ज्या रुळांवर ते हरामखोर उभे होते ते टाकले गेले तेव्हा आमचा पणजोबा इथे पहारे देत होता, आणि आम्ही बाहेरचे?

वहिनी माझ्या आधी शिरली गर्दीत. कशी शिरली देव जाणे, एवढीशी बाई. दादाच्या अंगावर सरळ आडवी पडली. तिच्या पाठीत लाथा घातल्या त्यांनी. एका बाईने तिचा अंबाडा धरून मुंडकं मागे ओढलं. आणि ती चिमुरडी, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती आईच्या कडेवरून हात पुढे करून रडत होती, "फरी फेरवो ने! दादा, फरी फेरवो ने!" तिला अजून एक फेरी हवी होती. ती काय म्हणतेय ते तिच्या आईनेसुद्धा ऐकलं नाही.

मला कुणी अडवलं नाही. बाईमाणूस एकटं कडेने पळतंय, कोण बघतंय? मी लाल कापडापाशी पोचले. आत्तापर्यंत मी त्या तलवारीला कधी हात लावलेला नव्हता. जड असते. दोन्ही हातांनी उचलली. पिवळ्या टी-शर्टवाल्याच्या हातात तोवर धारियुं आलं होतं, लांब दांड्याचा वाकडा कोयता असतो तो, आणि तो वहिनीला पायाने बाजूला करून दादाच्या डोक्याचा नेम धरत होता. मी बघितलं त्याच्याकडे. त्याच्या तोंडावर राग नव्हता. लाकूड फोडायला उभं राहावं तसा शांत उभा होता. मी तलवार उगारली आणि घातली. कोहळा कापतात तशी, वरून खाली. मला दुसरी काही रीत माहीत नव्हती.

धारियुं खडीवर पडलं. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. आतलं पांढरं हाड दिसलं, आणि मग रक्ताची चिळकांडी माझ्या चष्म्यावर उडाली. आणि मला बरं वाटलं. पोलिसांना हे सांगितलं नाही, वकिलालाही नाही, इथे सांगते. मला इतकं बरं वाटलं की अजून एकावर चालवावीशी वाटली. "आवो!" मी ओरडले. "आवो ने हवे! कोने आववुं छे?" पुढे मराठीतल्या शिव्या, ज्या मला येतात हे वहिनीला त्या दिवशी कळलं. मी दादाच्या डोक्याशी पाय फाकवून उभी होते आणि जो जवळ येईल त्याच्या तोंडासमोरून तलवार फिरवत होते. गर्दी मागे सरली. मग दगड आले. एक माझ्या कपाळावर बसला, एक बरगडीत, पण जवळ यायची छाती एकाचीही झाली नाही. मघाशी एका म्हाताऱ्याला पन्नास जण मारत होते! मी एकेकाचं तोंड बघून ठेवलं. डोळ्यांत रक्त उतरत होतं तरी बघून ठेवलं.

पायाशी दादा घरघरत होता. वहिनी म्हणत होती, "श्वास घ्या, अहो, श्वास घ्या." माझं सगळं लक्ष त्या घरघरीवर. ती चालू आहे तोवर तो आहे.

गावातल्याच कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. कोणी, ते आजतागायत कळलेलं नाही. जीप आली तेव्हा साहेबांनी पहिलं काम काय केलं असेल? मला सांगितलं, बेन, तलवार नीचे मूको. मी म्हटलं, आधी ॲम्ब्युलन्स. शेवटी जीपमध्येच दादाला आडवं घातलं, डोकं वहिनीच्या मांडीवर, आणि निघालो. वाटेत साहेबांनी विचारलं, इथे काय करायला आला होता? मी म्हटलं, पूजा. कशाची? टर्नटेबलाची. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खिशातून रुमाल काढून दिला. "मोढुं लूछो," म्हणाले. त्या अख्ख्या दिवसात आमच्याशी माणसासारखं बोललेलं ते एकच वाक्य.

दादाच्या बरगड्या मोडल्या होत्या, एक फुप्फुसात घुसली होती. कवटीला चीर. उजव्या हाताची बोटं कुणीतरी टाचेखाली चिरडली होती. डॉक्टर म्हणाले, वय बघता काही सांगता येत नाही. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. बाहेर बडोदं दसऱ्याच्या फाफडा-जिलबीला रांगा लावत होतं आणि मला प्रत्येकाच्या डोक्यात दगड घालावासा वाटत होता. तो पिवळ्या टी-शर्टवालाही त्याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर. त्याचा हात वाचला असं एका नर्सने मला आनंदाची बातमी म्हणून सांगितलं. मी म्हटलं, माझ्या भावाचं काय ते सांगा.

दादा वाचला. खूप दिवसांनी नळ्या निघाल्या, तो घरी आला, वॉकर धरून चालायला लागला. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण वाचला. मी म्हटलं, जिंकलो. त्यांनी त्याला मारायचं ठरवलं होतं आणि मी तो मरू दिला नाही. मी सोसायटीभर ताठ मानेने फिरत होते. दादा फारसा बोलत नव्हता, खिडकीशी बसायचा. मला वाटलं, अशक्तपणा आहे, येईल बोलता.

मग ते लोक आले. त्यांच्यावर केस होती तशी माझ्यावरही होती, तलवारीची, आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांचं म्हणणं की समाधान करून टाका. समाधान म्हणजे गुजरातीत तडजोड. गावातले दोन वडीलधारे, आणि त्यांच्याबरोबर ती मुलीची आई, मुलीला घेऊन. मी दारातूनच घालवणार होते. वहिनीने पाणी दिलं. वहिनीच्या पाठीवरचे वळ अजून गेले नव्हते, आणि तिने पाणी दिलं! एका वडीलधाऱ्याने हात जोडले, "बेन, भूल थई गई." मी म्हटलं, "भूल? आमटीत मीठ जास्त पडतं त्याला भूल म्हणतात." ती आई बाजूला बसलेली. चेहरा सुकलेला, पदर तोंडात. मग एकदम म्हणाली की मुलगी रोज विचारते, ते फिरवणारे दादा कुठे गेले, म्हणून आणलं, त्यांची माफी मागायची आहे. माझा राग जरा बसला, खोटं नाही सांगत. वाटलं, दादाला बरं वाटेल. पोर बघून खुलेल तो. म्हणून मीच हाक मारली, "दादा, बाहेर ये रे, बघ कोण आलंय."

वॉकर टेकत तो दारात आला. मुलीने बघितलं आणि पळत सुटली त्याच्याकडे, दोन्ही हात पसरून. "दादा! फरी फेरवशो?"

दादाने वॉकर सोडला. पडता पडता भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही हात वर केले, वरपर्यंत, ती वाकडी बोटं पसरून, सगळ्यांना दिसतील असे. मुलगी त्याच्या पायाशी आली तसा तो टाचा उचलून आणखी मागे सरायला बघत होता, पण मागे भिंत होती. "बेन," तो तिच्या आईला म्हणाला, "एने लई लो, बेन. हुं अड्यो नथी. जुओ, मारा हाथ जुओ. हुं अड्यो नथी एने." मी शिवलो नाही हिला. परत परत तेच. त्याच्या पायजम्यावर ओल उतरत गेली.

त्या बाईने मुलीला उचललं आणि हुंदका दाबत जिना उतरली. मागोमाग ते दोघे गेले. मी दार लावलं. मारायला समोर कुणीच उरलं नव्हतं. दादाचे हात वरच होते. "दादा, गेले ते," मी म्हटलं. "अहो, गेले, खाली घ्या," वहिनी म्हणाली. तो घेईना. शेवटी एक हात तिने धरला, एक मी धरला, आणि आम्ही ओढून खाली घेतले.